जाळे न विणणारा कोळी

गेल्या श्रावणात आमच्या उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढविला. त्यानंतर काही दिवस वाचन वर्ज्य, लेखन वर्ज्य, उन्हात फिरणेही वर्ज्य. तेव्हा पडवीतल्या आरामखुर्चीत पडून समोरची भिंत पाहण्यावाचून दुसरा उद्योग उरला नाही. ‘भिंतीकडे काय पाहतोस? पुस्तकात पाहा,’ असे जन्मभर मुलांना दरडावणाऱ्या मास्तराच्या वाट्यास शेवटी भिंतच यावी, ह्यात दैवाचा थोडा विनोद असावा.

त्या भिंतीवर नव्या भिंगातून आम्हांस पहिल्याने जे स्वच्छ दिसले, तो एक कोळी होता. लांबी जेमतेम एक सेंटिमीटर. अंग काळेभोर, आणि मधोमध गंधाचा उभा टिळा ओढावा तसा पांढरा पट्टा. नैवेद्याच्या वासावर आलेली एक माशी वीतभर अंतरावर बसली होती. त्याने आधी अंग न हलविता नुसते तोंड तिच्याकडे वळविले. मग दबकत, थांबत, मांजराच्या चालीने तो चार बोटांवर आला, क्षणभर बसला आणि एकाएकी उडाला! माशीसह तो भिंतीवरून सुटला खरा, पण खाली पडला नाही. उडीपूर्वी भिंतीस चिकटवून ठेवलेल्या एका धाग्यास लोंबकळत राहिला आणि भक्ष्य तोंडात धरून त्याच धाग्याने वर चढला.

हे पाहून आम्हांस आनंद व्हावयास हवा होता. झाली ती शरम. तिचे कारण पुढे सांगतो.

आमचा मधला नातू महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकतो. आम्हांस वाचन वर्ज्य, म्हणून त्याने रोज संध्याकाळी वाचून दाखवावे आणि आम्ही ऐकावे, असा उलटा पाठ सुरू झाला. ह्या कोळ्याचे शास्त्रीय नाव प्लेक्सिपस पायकुली. १८२६ साली ओदुएँ नामक फ्रेंच पंडिताने इजिप्तमधील नमुन्यांवरून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. माणसांच्या मालाबरोबर प्रवास करीत तो आता बहुतेक सर्व उष्ण देशांतील घरांच्या भिंतींवर पोहोचला आहे. उडी मारणाऱ्या कोळ्यांचे हे कुळच मोठे. सहा हजारांहून अधिक जाती त्यात मोजल्या आहेत. २००८ सालच्या मुंबईवरील हल्ल्यात वीरमरण पत्करलेल्या तुकाराम ओंबळे ह्यांचे नाव २०२१ साली ज्या कोळ्यास दिले, तो ठाणे परिसरातील कोळीही ह्याच कुळातला.

खरी मौज त्याच्या डोळ्यांची आहे. डोळे आठ. बाजूचे डोळे हालचाल टिपतात. समोरचे दोन टपोरे डोळे वस्तू निरखून पाहतात. त्यांचे भिंग कवचात पक्के जडलेले असते, पण आतला पडदा नळीसकट हलतो. म्हणजे हा प्राणी चेहरा स्थिर ठेवून आतल्या आत नजर फिरवितो! त्या पडद्याला चार थर असतात. एका थरावर चित्र स्पष्ट पडते तेव्हा दुसऱ्यावर ते अंधुक पडते, आणि त्या अंधुकपणावरून कोळी अंतर ताडतो. २०१२ साली जपानी संशोधकांनी ह्याच कुळातील दुसऱ्या एका घरगुती कोळ्यावर प्रयोग केला. हिरव्या प्रकाशात त्याची उडी अचूक पडे. तांबड्यात मात्र तो भक्ष्याच्या अलीकडेच पडे. मोतीबिंदूमुळे दोन वर्षे जिन्याची शेवटची पायरी चुकणाऱ्या आम्हांस त्या बापड्याविषयी फार आपुलकी वाटली.

आणि ती उडी तरी स्नायूंच्या जोराची म्हणावी, तर तसेही नव्हे. ह्याच्या पायांच्या काही सांध्यांत पाय ताणणारे स्नायूच नसतात. अंगातील रक्त दाबाने पायांत लोटले जाते आणि पाय ताठ होऊन शरीर फेकले जाते.

एकदा आमच्या दाढीच्या आरशासमोर तो आला. प्रतिबिंबास प्रतिस्पर्धी समजून त्याने पुढचे पाय उभारले, डावीकडे सरला, उजवीकडे सरला. समोरचाही मागे हटेना. धाकटी सून म्हणाली, “मामंजी, हा तर अगदी आपल्या घरातल्या पुरुषांसारखा.” आम्ही ऐकले नाही असे दाखविले.

आता ती शरमेची गोष्ट. तीसएक वर्षांपूर्वी आम्ही नववीस संस्कृत शिकवीत असू. उपनिषदात कोळ्याचा दृष्टान्त आहे. तो आपल्यातूनच तंतू काढतो आणि आपल्यातच ओढून घेतो. तो समजाविताना आम्ही ऐटीत म्हणालो, “जाळे विणीत नाही असा कोळी जगात नाही.” मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. “गुरुजी, आमच्या भिंतीवरचा कोळी जाळं नाही विणत. उडी मारून माशी धरतो.” वर्ग हसला. तो आम्हांस हसला असे आम्हांस वाटले, आणि आम्ही त्या मुलाच्या हातावर चार छड्या मारल्या. त्यानंतर वर्षभर त्याने एकही प्रश्न विचारला नाही. आम्ही त्यालाच शिस्त समजलो.

भाद्रपदात नवरात्राआधीची झाडलोट निघाली तेव्हा देवघरातील तसबिरीमागे पांढरे रेशमी घरटे दिसले. ही जात जाळे विणीत नसली, तरी विसाव्यास आणि अंड्यांसाठी असे घर करते. एका वेळी सुमारे ३५ ते ६० अंडी असतात, आणि मादी त्यांवर पहारा करते. ती तपकिरी, फिकट पट्ट्याची मादी घरट्याच्या तोंडाशीच होती. वहिनींनी केरसुणी उचलली. आमच्या कुटुंबाने त्यांचा हात धरला. “बाळंतीण आहे, वहिनी. पिल्ले बाहेर पडेपर्यंत राहू द्या.” देवघराचा तेवढा कोपरा झाडावयाचा राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारपेठेत गेलो. तो मुलगा आता किराणा दुकान चालवितो, केस पिकू लागले आहेत. आम्हांस पाहून तो गल्ल्यावरून उठला, पाया पडला. आम्ही म्हणालो, “अरे, त्या कोळ्याचे तू म्हणत होतास ते खरे होते. चूक आमची.” तो गोंधळला. “कसला कोळी, गुरुजी?” आम्ही सारी हकीकत सांगितली. तो जरा वेळाने म्हणाला, “छड्या आठवतात. कशाबद्दल होत्या, ते मात्र काही आठवत नव्हते.”

काय बोलावे ते आम्हांस सुचेना. त्यानेच स्टूल पुढे केले, चहा सांगितला आणि गुळाच्या ढेपेमागील भिंतीकडे बोट दाखविले. “बघा, गुरुजी. इथेही दोन आहेत.”