कुंकू अधांतरी

मनू, तुझ्या जलालपुरात गोदेवर अजून तिरपं ऊन उतरतं.

तू नाहीस.

मीठसुद्धा धुऊन घेणारं तुझ्या वडिलांचं ते सोवळं नाही. तुला मनू म्हणणारं कुणी नाही. सगळे लक्ष्मीबाई टिळक म्हणतात. मी मात्र नदीकाठी आलो की जुन्याच नावाने हाक मारतो. ओ येत नाही.

10 फेब्रुवारी 1895. मुंबईत तुझ्या नवऱ्याच्या, टिळकांच्या माथ्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं, आणि इकडे तुझ्या कपाळावरचं कुंकू अधांतरी झालं.

नवरा जिवंत. घर सुतकात.

त्यानंतरची ती वर्षं, मनू, ज्यांत पत्रं येत होती पण माणूस येत नव्हता, पदराशी लेक दत्तू वाढत होता, दिवेलागणीला देवघर उजळत होतं आणि उंबरठा काळोखात राहत होता, ज्यांत तू सवाष्ण असूनही एकटी होतीस आणि एकटी असूनही कुणाची तरी होतीस, ती वर्षं कुठल्या पाण्यात गेली? गोदा तर सगळंच घेते. हे तिने घेतलं नाही.

मग तू त्यांच्याकडे परतलीस. धर्म घेऊन नव्हे. आपलं सोवळं घेऊन. ते सुटायला वेळ लागला. टिळक थांबले. तुझा बाप्तिस्मा 1900 चा. मला वाटतं, नवरा आधी परत मिळाला, ख्रिस्त मागाहून.

आणि तरी तू तीच. आडनाव तेच. जिभेवर तीच घरची, ठसकेबाज मराठी. टिळकांच्या ओठी तुकोबा होतेच, कीर्तनही होतं. 1917 मध्ये त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला, न घेतलेला, दोघांनाही दार उघडं.

तुझं आत्मचरित्र, ‘स्मृतिचित्रे’, उघडतो. त्या ताटातुटीतही तू हसवतेस. मला ते हसू सोसत नाही. ओळी संपतात तिथे पांढरा कागद उरतो, आणि त्या पांढऱ्यात मी तुझ्या रात्री शोधतो.

सापडत नाहीत. तू त्या ठेवल्याच नाहीस.

24 फेब्रुवारी 1936 ला, इथेच जवळ, नाशकात तू गेलीस. टिळक 1919 मध्येच गेले होते. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं राहिलं होतं. ते ओवी ओवीने तूच पुढे लिहिलंस.