जागा सोडू नकोस

चि. मनूस,



काल ताईचा फोन आला. तुला एम.डी. मायक्रोबायोलॉजीची जागा लागलीय, पण ती सोडून पुन्हा वर्षभर नीट-पीजीला बसायचं तुझ्या मनात आहे, असं ती म्हणाली. ‘मला पेशंट बघायचे आहेत, लॅबमध्ये आयुष्य काढायचं नाही,’ हे तुझं म्हणणंही तिने सांगितलं. फोनवर हे बोलणं पुरं होणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. इथे नॉर्थ यॉर्कमधल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्नॉलॉजिस्ट म्हणून काम करत निवृत्त झाले. पण ज्या खोलीत जायला तू नाही म्हणतेस, ती मी आतून पाहिलेली आहे.

डॉ. सुनीती सॉलोमन हे नाव तू ऐकलं आहेस का? आडनावावरून अंदाज येणार नाही, पण त्या माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणारं मराठी कुटुंब, आठ भावंडं आणि त्यांत ही एकटीच मुलगी. लस टोचायला दरवर्षी घरी आरोग्य अधिकारी येत, त्यांना पाहून डॉक्टर व्हावंसं वाटलं, असं त्या सांगत. मद्रास मेडिकल कॉलेजात शिकल्या, हृदयशस्त्रक्रिया करणाऱ्या व्हिक्टर सॉलोमन यांच्याशी लग्न झालं. इंग्लंड, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात पॅथॉलॉजीचं प्रशिक्षण घेतलं आणि १९७३ मध्ये दोघं परत आले. आपली गरज भारतात जास्त आहे, असं त्यांना वाटलं. परत आल्यावर त्यांनी डॉक्टरेट केली ती मायक्रोबायोलॉजीत, आणि आपल्याच कॉलेजच्या त्या विभागात शिकवू लागल्या. परदेशातली एवढी शिदोरी हाताशी असताना त्यांनी निवडलेला विभाग तुझाच आहे, मनू.

एड्सची पहिली नोंद अमेरिकेत जून १९८१ मध्ये झाली. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये विषाणू सापडला आणि १९८५ मध्ये रक्ताची चाचणी आली. आपल्याकडे तेव्हा काय हवा होती, ते मला आठवतं. हा रोग तिकडचा, आपली कुटुंबव्यवस्था घट्ट, आपल्याकडे हे येणार नाही, असं शिकलेली माणसंसुद्धा छातीठोकपणे सांगत. सुनीतीबाईंनी एवढंच म्हटलं की एकदा तपासून तर बघू. त्यांच्या हाताखाली एम.डी. करणाऱ्या सेल्लप्पन निर्मला प्रबंधासाठी विषय शोधत होत्या. त्यांना बाईंनी हा विषय दिला.

देहविक्रयाची मुंबईसारखी ठरावीक वस्ती मद्रासला नव्हती. म्हणून निर्मला सरकारी सुधारगृहात गेल्या. पोलिसांनी पकडून आणलेल्या, देहविक्रय करणाऱ्या बायका तिथे ठेवलेल्या असत. हातमोजे नाहीत, कसलंही संरक्षण नाही. ऐंशीच्या वर नमुने त्यांनी गोळा केले. सीरम वेगळं काढायला नवऱ्याने मदत केली आणि नळ्या राहिल्या घरच्या फ्रिजमध्ये. मद्रासला एलायझा चाचणीची सोय नव्हती, म्हणून नमुने वेल्लोरला ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब जॉन यांच्या प्रयोगशाळेत न्यावे लागले. फेब्रुवारी १९८६ मधली ही गोष्ट.

एलायझा पुस्तकात वाचणं वेगळं आणि हाताने करणं वेगळं. प्लेटला शहाण्णव खाचा असतात, प्रत्येकीच्या तळाशी विषाणूची प्रथिनं चिकटवलेली. त्यात सीरम घालायचं, ठरावीक वेळ ऊब द्यायची, मग धुवायचं. धुण्यातच सगळी मेख असते. पाणी कमी पडलं की निरोगी माणसाचीही खाच रंगते. धुतल्यावर एन्झाइम जोडलेला पदार्थ घालायचा, पुन्हा धुवायचं, आणि शेवटी रंग देणारा द्राव. इथवर आलं की खोलीत कोणी बोलत नाही. वेल्लोरच्या त्या प्लेटवर सहा खाचा पिवळ्या झाल्या. चाचणी पुन्हा केली, पुन्हा तेच. मग त्या बायकांचं रक्त नव्याने घेऊन अमेरिकेला पाठवलं, आणि वेस्टर्न ब्लॉट चाचणीने निदान पक्कं केलं. मे महिन्यात तामिळनाडूचे आरोग्यमंत्री हंडे यांनी विधानसभेत ते जाहीर केलं. ‘आपल्याकडे नाही’ म्हणणाऱ्यांना उत्तर मिळालं ते एका विद्यार्थिनीच्या प्रबंधातून.

यातली एक बाजू मला आजही बोचते. रक्त कशासाठी घेतलं जातंय, हे त्या बायकांना सांगितलेलं नव्हतं. आणि पुढे जे झालं ते फार वाईट. पॉझिटिव्ह निघालेल्या काही जणींना मुदत संपल्यावरही तिथेच कोंडून ठेवलं गेलं, त्यांच्या सुटकेसाठी कोर्टात जावं लागलं. शोध लागला, नाव झालं, आणि ज्यांच्या रक्तातून तो लागला त्यांना कुलूप मिळालं. संशोधनाच्या इतिहासात हे पान गाळून कोणी सांगत असेल, तर त्याचं ऐकू नकोस.

सुनीतीबाईंची खरी कारकीर्द माझ्या मते यानंतर सुरू होते. पहिला शोध आपल्या नावावर लागल्यावर तेवढ्यावर निवृत्तीपर्यंत निभावता आलं असतं. पण त्या नळ्या सोडून नळीच्या मागच्या माणसाकडे गेल्या. पॉझिटिव्ह माणसाला हॉस्पिटलं दारातून परत पाठवत होती, डॉक्टर हात लावायला तयार नव्हते. सुरुवातीला त्यांच्या नवऱ्यालाही हे काम पसंत नव्हतं. या लोकांच्या कहाण्या एकदा ऐका, मग असं म्हणणार नाही, हे त्यांनी नवऱ्याला सांगितलं. १९९३ मध्ये त्यांनी सरकारी नोकरीबाहेर पडून वाय. आर. गायतोंडे यांच्या नावाने केंद्र काढलं, वाय.आर.जी. केअर. माहेरचं आडनाव त्यांनी अशा कामाला दिलं, ज्याच्याशी आपलं नाव जोडायला तेव्हा भलेभले घाबरत होते. तिथे आधी समुपदेशन, मग चाचणी, आणि तीही त्या माणसाच्या राजीखुशीने. सुधारगृहात जे झालं नव्हतं, ते इथे पहिल्या पायरीवर होतं.

पुढे औषधं आली आणि माणसं जगू लागली. जगू लागल्यावर त्यांना लग्न करावंसं वाटू लागलं. मग सुनीतीबाई पॉझिटिव्ह मुलामुलींची स्थळं जुळवू लागल्या. कोणाच्या रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी किती, कोणाचं औषध कोणतं, घरचं कसं, सगळं बघून. यावर ‘लव्हसिक’ नावाचा माहितीपट आहे, मिळाला तर जरूर बघ. पेशंट बघायचे म्हणतेस ना? यापेक्षा जवळून पेशंट कोणता डॉक्टर बघतो, ते मला सांग.

आणि संशोधन थांबलं नव्हतंच. एच.पी.टी.एन. ०५२ नावाचा मोठा अभ्यास झाला, नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवर. जोडप्यातला एक पॉझिटिव्ह, दुसरा निगेटिव्ह. औषध लवकर सुरू केलं तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते, हे २०११ मध्ये सिद्ध झालं. आज जगभर औषध लवकर सुरू करण्याचं जे धोरण आहे, त्याचा एक मोठा आधार हा अभ्यास. भारतातली त्याची केंद्रं होती चेन्नईचं हे वाय.आर.जी. केअर आणि आपल्या पुण्यातली, भोसरीची ‘नारी’ ही एड्स संशोधन संस्था. तुमच्या घरापासून बसने जाता येईल इतकी जवळ!

सुनीतीबाई २८ जुलै २०१५ रोजी गेल्या. पद्मश्री मिळाली ती २०१७ मध्ये, मरणोत्तर. मला वाटतं, हयातीत द्यायला हवी होती.

आता इथलं सांगते. २००३ मध्ये टोरांटोत सार्स आला, कॅनडात ४४ माणसं गेली. साथ ओसरली असं समजून बंधनं सैल केली आणि मे महिन्यात ती आमच्या लेस्ली स्ट्रीटवरच्या नॉर्थ यॉर्क जनरलमध्ये पुन्हा उफाळली. तिथली एक नर्स त्यात गेली. ‘आपल्याकडे नाही’ आणि ‘आता संपलं’ ही दोन वाक्यं कोणत्याही देशात तितकीच महागात पडतात. जानेवारी २०२० मध्ये कॅनडातला कोविडचा पहिला रुग्ण बेव्ह्यू अव्हेन्यूवरच्या सनीब्रुक हॉस्पिटलमध्ये आला. मार्चमध्ये सनीब्रुक, टोरांटो विद्यापीठ आणि मॅकमास्टर विद्यापीठाच्या लोकांनी मिळून तो विषाणू वेगळा काढला. त्यांतल्या डॉ. समीरा मुबारेका मायक्रोबायोलॉजिस्टही आहेत आणि संसर्गरोगांच्या डॉक्टरही. इथे असे बरेच जण असतात. सकाळी वॉर्डात राऊंड, दुपारी लॅब. खाटेवरचा माणूस आणि प्लेटवरचा जंतू अशी भिंत त्यांच्या डोक्यात नाही. ती तुझ्याही डोक्यात नसावी.

अजून एक सांगायचं राहिलं. लॅमिव्ह्यूडीन हे औषध एच.आय.व्ही.वर चालतं, हे १९८९ मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी दाखवलं. २००१ मध्ये आपल्या मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा वर्षाचा खर्च ३५० डॉलरवर आणला, त्यांत ते होतं. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत उपचार सुरू केले, आणि आजही सरकारी ए.आर.टी. केंद्रातून, म्हणजे एच.आय.व्ही.च्या उपचार केंद्रातून, मिळणाऱ्या गोळीत ते आहे. लॅबमध्ये बसलेल्या कोणाचं तरी काम इतक्या दूरवर, इतकी वर्षं माणसं जगवतं आहे.

तुझे बाबा पगाराची, प्रॅक्टिसची काळजी करतात, ती खोटी नाही. त्वचारोग किंवा रेडिऑलॉजीइतका पैसा यात मिळणार नाही. तू तो हिशोब नीट कर. पण ‘पेशंट नाहीत’ हे कारण देऊन जागा सोडू नकोस.

कागदपत्रं घेऊन मुदतीच्या आत रुजू हो. आणि रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तुमच्या हॉस्पिटलच्या ए.आर.टी. केंद्रात एक सकाळ जाऊन बस. समुपदेशक बाईंशी बोल, गोळ्यांच्या रांगेतली माणसं बघ. काय दिसलं ते मला लिही. फोन नको, पत्रच लिही.

ताईला आणि बाबांना नमस्कार.

तुझी,
मावशी