चोर्ला घाट उतरण्यापूर्वी
बेळगावहून चोर्ला घाटाने मंगेशीस निघण्यापूर्वी आम्ही मोटार मेस्त्रींना दाखविली. “गुरुजी, टायमिंग बेल्ट बदला,” ते म्हणाले. गाडी जेमतेम ४०,००० किलोमीटर चाललेली. पण वर्षे ८ लोटलेली. रबर उभ्या गाडीतही जुने होते. हा दातेरी पट्टा पुष्कळदा पूर्वसूचना न देता तुटतो आणि अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून मोठी हानी होते. म्हणून कंपनीच्या पुस्तिकेतील किलोमीटर व वर्षे यांपैकी जी मर्यादा आधी भरेल, ती प्रमाण मानावी. ‘परत आल्यावर पाहू’ हे शब्द आमच्या ओठांवर आले होते. परंतु मागे वृद्ध मातोश्री बसणार होत्या. पट्टा बदलला. कणकुंबीस मलप्रभेच्या उगमाला हात जोडून आम्ही धुक्यातला घाट निर्धास्तपणे उतरलो.