दोन स्वयंपाकिणी

बेसबॉल मला कळत नाही. पण लू गेरिगची हकीकत वाचली की मी अस्वस्थ होतो. १९०३ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला हा मुलगा. आईबाप जर्मनीतून आलेले. चार मुलांतला हा एकटाच जगला. वडिलांची प्रकृती तोळामासा, म्हणून संसार ओढला तो आईने. कोलंबिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या एका निवासात ती स्वयंपाक अन् झाडलोट करी. लू तिथेच शिकला. त्याने इंजिनियर व्हावे ही तिची आस; पण १९२३ मध्ये शिक्षण सोडून तो खेळाडू झाला. ओळीने २१३० सामने खेळला. १९३९ मध्ये स्नायू लुळे करणाऱ्या असाध्य रोगाने त्याला थांबवले. ४ जुलैला, साठ हजारांवर लोकांपुढे निरोप घेताना, आपल्या शिक्षणासाठी जन्मभर राबलेल्या आईबापांची त्याने आठवण काढली. दोन वर्षांतच तो गेला. ती दोघे मागे उरली.

माझ्या आईनेही चार घरच्या पोळ्या लाटून मला एम. ए. केले. सत्कारात मी गुरुजनांची नावे घेतली, तिचे घेतले नाही. लाज वाटे. ती मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवीत होती. आज नाव घेतो, तर ऐकायला ती नाही.