नीट पाहून

गेल्या नाताळात आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी हरणाच्या मटणाचं पुडकं आणून दिलं आणि आमच्या सात वर्षांच्या लेकीनं घर डोक्यावर घेतलं. "यांनी बांबीला मारलं!" आजोबा बिचारे दारातच उभे. घरात दर रविवारी मटण शिजतं, त्यावर ती कधी रडली नव्हती. पण खरं सांगायचं तर, आजोबांकडे बंदूक आहे हे कळल्यापासून मीही त्यांच्याशी जरा जपूनच बोलत होते. पुडकं फ्रीजरमध्ये पडून राहिलं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आजोबाच म्हणाले, "एकदा बरोबर या. मग ठरवा."

हॅनोव्हरच्या परिसरात 'रे' जातीची हरणं पुष्कळ. आकारानं आपल्या भेकराएवढी. फेलिक्स साल्टेन यांच्या पुस्तकातला मूळ बांबीही याच जातीचा. माद्यांची शिकार ३१ जानेवारीला बंद होते. इथे शिकारीचा हक्क जमिनीशी बांधलेला असतो. गावचे शेतमालक मिळून तो भाडेपट्ट्यानं देतात. परवाना मिळवायला अवघड परीक्षा असते, तिला गमतीनं 'हिरवी बारावी' म्हणतात. डाइस्टरच्या डोंगराजवळ आजोबांच्या एका मित्राकडे असा पट्टा आहे. त्यानं यांना दोन संध्याकाळी बोलावलं होतं. ते रान आजोबांनाही नवीनच होतं.

आम्ही दुपारीच पोचलो. आजोबांनी बंदूक गाडीतच ठेवली आणि नकाशा घेऊन तासभर नुसते हिंडले. पायवाट कुठून जाते, वस्ती कुठे, रस्ता किती लांब. मग आम्ही लाकडी मचाणावर चढलो. समोर बीट काढून झालेली काळी जमीन, पलीकडे गव्हाचे कोवळे कोंब. थर्मासमधला चहा संपला तरी बोटं गरम होईनात.

अंधारून येताना झुडपांतून पाच हरणं बाहेर आली. आजोबांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. नरांची जुनी शिंगं थंडीआधीच गळून जातात आणि नवी अजून मखमली सालीत वाढत असतात. त्यामुळे नर कोण, मादी कोण, पिल्लू कोणतं हे नीट ओळखावं लागतं. या ओळखण्याला शिकाऱ्यांचा शब्द आहे 'आनश्प्रेशन'. एरवी जर्मनमध्ये त्याचा अर्थ एखाद्याशी आपणहून बोलायला जाणं. मी मराठीची शिक्षिका. असा शब्द भेटला की विसरत नाही.

एक मादी आडवी उभी राहिली. आजोबांनी बंदूक खांद्याला लावली. मी डोळे मिटले. आवाज आला नाही. डोळे उघडले तर बंदूक खाली.

"ती उंचवट्यावर आहे. मागे माती नाही, नुसतं आभाळ. गोळी चुकली किंवा आरपार गेली तर कुठे जाईल? तिकडे पायवाट आहे. माझं नेहमीचं रान असतं तर गोष्ट वेगळी."

हरणं सावकाश निघून गेली. इथल्या कायद्यानं सूर्यास्तानंतर दीड तासानं हरणावर गोळी झाडता येत नाही, पण आजोबा त्याआधीच खाली उतरले.

परतताना मला श्रावणबाळाची गोष्ट आठवली. शाळेत मी दरवर्षी विचारायची, "दशरथाचं काय चुकलं?" मुलं म्हणायची, "त्यानं श्रावणाला मारलं." मीही पूर्ण गुण द्यायची. आता वाटतं, चूक त्याआधीच झाली होती. आवाज ऐकला आणि न पाहता बाण सोडला. आजोबांच्या बाबतीत मी तेच केलं होतं.

दुसऱ्या संध्याकाळी आजोबांना एक मादी मिळाली. इथल्या रीतीप्रमाणे तिच्या तोंडात झाडाची डहाळी ठेवली, शेवटचा घास म्हणून. तेही त्यांनी लेकीला सांगितलं, काही न लपवता.

त्या रविवारी मी फ्रीजरमधलं पुडकं काढलं, कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून रस्सा केला आणि आजोबांना जेवायला बोलावलं. लेकीनं मटणाला हात लावला नाही. वरण-भात कालवता कालवता तिनं एवढंच विचारलं, "आजोबा, तुम्ही नीट पाहिलं होतं ना?"

"हो," आजोबा म्हणाले.

तिनं मान हलवली आणि रश्श्याचं पातेलं त्यांच्याकडे सरकवलं.