मोटर? छे!

माझं शिक्षण संख्याशास्त्राचं. त्यामुळे पनवेलच्या पाण्यावर प्रकल्प करायचा ठरला, तेव्हा मी निर्धास्त होतो. गाढी नदीवरचं देहरंग धरण पावसाळ्यात ओसंडतं, उन्हाळ्यात तळ दाखवतं. मग सगळी भिस्त बाहेरून येणाऱ्या पाण्यावर. शहरासाठी दंडक माणशी दिवसाला 135 लिटर. आलेलं पाणी भागिले माणसं, की झालं!

झालं कसलं? आमच्या गल्लीची सरासरी बरी निघाली आणि टोकाच्या घरातला नळ मात्र नुसता फुसफुसत होता. सर म्हणाले, "घरोघरी जा." प्रश्नावली छापली. 'नळाला थेट मोटर लावता का?' चाळीस घरं, चाळीस वेळा 'छे!' मी इमानेइतबारे चाळीस शून्यं भरली.

एका काकूंनी चहाला बसवलं. बोलता बोलता मोरीकडून घरघर सुरू झाली. काकूंनी आवाज चढवला, मग मीही. बराच वेळ आम्ही त्या घरघरीवर ताण करून गप्पा मारत होतो आणि मांडीवरच्या कागदावर 'नाही' होतं. शेवटी त्यांनाच हसू आलं. "हौस आहे का रे? समोरच्यांनी लावली की आमची धार करंगळीएवढी होते."

करंगळीएवढी म्हणजे मिनिटाला किती लिटर? दुसऱ्या दिवशी बादली आणि घड्याळ घेऊन त्यांच्याच मोरीत उकिडवा बसलो. हे कुठल्या शास्त्रात मोडतं, मला अजून कळलेलं नाही.

मग सरांनी थॉमस शेलिंग वाचायला दिला. 1971 साली या अर्थशास्त्रज्ञानं दाखवलं होतं की, आपल्यासारखे थोडे तरी शेजारी असावेत, एवढ्या साध्या इच्छेतूनही अख्ख्या वस्त्या दुभंगतात. पहिले प्रयोग त्यानं चक्क नाणी सरकवून केले. मी संगणकावर घरागणिक एक ठिपका मांडला. नियम एकच: धार करंगळीएवढी झाली की मोटर लाव. पहिला ठिपका मी हातानं लाल केला. बघता बघता गल्ली लाल झाली. पाणी पहिल्याइतकंच, पण टोकाचं घर कोरडं.

कौतुकानं काकूंना दाखवायला नेलं. त्यांनी चष्मा लावला. "यात आमची कुठली?" मी बोट ठेवलं.

"पहिली आमची? समोरच्यांची आधी लाल कर."

क्रम बदलला, पुन्हा चालवून पाहिलं. खात्री करून घ्यावी म्हणून समोर गेलो. तिथल्या आजोबांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "काकूंकडून आलास ना? पहिली मोटर त्यांची."