रबरी चाकाची घरघर

जुन्या टर्नटेबलमध्ये मोटरची गती प्लॅटरपर्यंत तीन वाटांनी पोहोचते: मध्ये रबरी चाक (आयडलर) घालून, बेल्टने, किंवा प्लॅटरच मोटरच्या दांड्यावर बसवून. तिन्हींना ठरलेली विशेषणे चिकटली आहेत. आयडलर दमदार, बेल्ट मऊ, डायरेक्ट ड्राइव्ह काटेकोर. दुरुस्तीच्या टेबलावर मात्र यांतली बरीच विशेषणे यंत्राच्या जातीची नसून त्या एका नगाच्या निगेची निघतात.

आयडलरचा नामांकित नमुना म्हणजे स्विंडनच्या गॅरार्डचे १९५४ सालचे ३०१. मोटरच्या पायऱ्यांच्या पुलीवर आणि प्लॅटरच्या आतल्या कडेवर एकच रबरी चाक दाबून बसते. या सांध्यात लवचीकपणा जवळजवळ नाही. खोल कोरलेल्या जागी सुई प्लॅटरला मागे ओढते तेव्हा मोटरचा जोर तत्क्षणी पोहोचतो. पखवाजाची थाप म्हणूनच अंगावर येते. त्याच वाटेने मोटरचा कंपही येतो. ५० हर्ट्झवर चार ध्रुवांची मोटर मिनिटाला जेमतेम १५०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला पंचविसाच्या आसपास. घरघर बहुधा तिथेच राहते.

ही घरघर कधी पुरती जात नाही. चाकाचा व्यास काहीही असो, गतीत फरक पडत नाही, कारण ते मधले चाक आहे. बाकी त्याचे सगळे महत्त्वाचे. यंत्र बंद असताना चाक दाबलेलेच राहिले तर रबर एका जागी चपटे होते आणि दर फेऱ्याला टक्‌ वाजते. कडक झालेली कड बारीक पॉलिश पेपरवर उतरवता येते, पण हात जरा तिरका पडला की चाक अंडाकृती होते. चाक सुधारले की बुशचे तेल, मग मोटर टांगलेल्या स्प्रिंगा, मग प्लॅटरच्या बेअरिंगचा तळ. दर वेळी घरघर कमी होते आणि जागा बदलते. भरल्या गाण्यात ती सापडत नाही. विलंबित ख्यालाच्या आधी नुसता तानपुरा वाजतो, खर्जाची तार विझत जाते, तिथे ती उघडी पडते.

वयाबरोबर कान आधी वरचे सूर गमावतो, त्यामुळे म्हाताऱ्या कारागिराला घरघर ऐकू येत राहते. बोटाला मात्र चाकाचा उंचवटा लागेनासा होतो आणि चाक शिकाऊ पोराच्या हातात द्यावे लागते. त्या दिवशी कळते की ज्याला तो आयुष्यभर आपला कान म्हणून मिरवत आला, त्यातले निम्मे काम बोट करत होते. हे कबूल करणे जड जाते.

थोरेन्सच्या टीडी १२४ने १९५७ साली मधला मार्ग काढला: मोटरपासून पुलीपर्यंत बेल्ट, तिथून प्लॅटरपर्यंत चाक. पुरा बेल्टचा मार्ग एडगर व्हिल्चर यांच्या एआर टर्नटेबलने १९६१ साली रूढ केला. संथ मोटर, स्प्रिंगांवर तरंगणारी चौकट, आणि कंप गिळणारे रबर. तानपुऱ्यामागे खरी शांतता इथे मिळते. बेल्ट सैलावला की मात्र लांब धरलेला षड्‌ज हलू लागतो. पुढे बेल्टवाल्या विक्रेत्यांनी आयडलर म्हणजे भंगार असे एका पिढीला पढवले. निव्वळ रबर कडक झाले म्हणून धड यंत्रे मोडीत गेली. हे नुकसान होते.

डायरेक्ट ड्राइव्हचा आरंभ १९७०च्या टेक्निक्स एसपी-१०पासून. इथे मोटरच मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. ध्रुवागणिक बसणारा बारीक हिसका हा तिचा दोष, आणि तो सावरायला सर्वो. डायरेक्ट ड्राइव्हला डीजेचे यंत्र म्हणून हिणवणे अन्याय आहे. हार्मोनियमचा सूर त्यावर जितका सरळ उभा राहतो तितका क्वचितच कुठे राहतो.

सर्वो नसलेल्या जुन्या यंत्रांचा वेग विजेशी बांधलेला असतो. अमेरिकेतून आणलेले, ६० हर्ट्झच्या पुलीचे यंत्र मुंबईच्या ५० हर्ट्झवर मिनिटाला ३३⅓ऐवजी सुमारे २७.८ फेरे घेते. काळी पाचची गायिका पांढरी पाचच्याही किंचित खाली उतरते, लयही रेंगाळते. यावर साधा उपाय म्हणजे मोठी पुली. रबरी चाक तेच चालते.